साबण वाजला, ‘अमानाकी नाही

६ जुलै, मंगळवार

आजपासून मी मेलेल्यांची नावं दुपारीच भरून ठेवायची आणि गुपचूप घरी जायचं. सेमिसीने तसं ठरवलंय. सेमिसी म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राचा नवा व्यवस्थापक. ब्रिस्बेनला शिकून आलाय. रविवारच्या शाळेत माझ्याच हाताखाली होता आणि तेव्हा संदेष्ट्यांची नावं त्याला धड म्हणता येत नसत. माझे केस काळे होते तेव्हापासून संध्याकाळी सहाला मी मृत्यूची निवेदनं वाचतेय. कोण गेलं, कुठल्या गावचं, माती कधी, कुठल्या बेटावरच्या कुणी निघायचं. त्या वेळी सगळा टोंगा हातातलं काम खाली ठेवतो. आता म्हणे मी आवाज भरायचा, गेलेल्या माणसाच्या नावाने फाईल ठेवायची, आणि प्रक्षेपणाचं मोठं मशीन वेळ झाली की ती आपण होऊन वाजवणार.

"बाई, तुम्हालाच आराम," सेमिसी म्हणाला.

"मी कधी दमले म्हणाले?"

"दमण्याचं नाही हो. पद्धत."

मोआला, आमचा तंत्रज्ञ, सकाळपासून वायरींत बसला होता. माझ्या खोलीतल्या मशीनचा कप्पा त्याने मोठ्या मशीनला जोडला. त्याला तो माउंट करणं म्हणतो. पहिल्यांदा जोडला तेव्हा माझ्या फाईलींच्या नावांची चाळण झाली होती. आमच्या नावांत जिथे श्वास घशात अडतो तिथे आम्ही उलटा स्वल्पविराम लिहितो, आणि जिथे स्वर लांबतो तिथे वर आडवी रेघ. नेमकी तिथे तिथे प्रश्नचिन्हं. मी म्हटलं, हे काय लावलंय. मोआलाने डोकं खाजवलं, पुन्हा जोडलं, या वेळी लांबलचक ओळ टाईप केली, आणि नावं जशीच्या तशी दिसली.

"याला आता सांगितलं, कुठल्या लिपीत वाचायचं ते," तो म्हणाला. "सध्या तोंडी सांगितल्यासारखं आहे, ताई. कायमचं लिहून ठेवायचं राहिलंय, ते मी वावाउहून आलो की..."

पुढे तो बराच वेळ बडबडत होता. माझं लक्ष नव्हतं. वावाउला चर्चची परिषद आहे, तिथे ध्वनिक्षेपक लावायला चाललाय.

मी मनाशी पक्कं केलंय. सहा वाजता रेडिओ लावायचा नाही. स्वतःचाच शिळा आवाज ऐकायला मी काही रिकामी नाही. त्या वेळी भजनाच्या तालमीला जाईन.

१२ जुलै, सोमवार

सकाळपासून दुपारपर्यंत वीज नव्हती. आली तशी सेमिसी माझ्या दारात हजर. "बघा बाई, मोठं मशीन आपलं आपण उठलं, तुमचा कप्पा आपला आपण जोडून घेतला. मोआलाची गरजसुद्धा लागली नाही."

चेहऱ्यावर असा आनंद की जणू बाळाने पहिलं पाऊल टाकलं. मी म्हटलं, अभिनंदन.

१४ जुलै, बुधवार

‘अमानाकी गेला. लाकडावर कोरीव काम करायचा, देवळाच्या दारावरची वेल त्याचीच. त्याची मुलगी लावीनिया सकाळी आली. डोळे सुजलेले, कमरेला काळ्या कपड्यांवर मोठी फाटकी चटई. आमच्याकडे दुःखात तीच नेसतात.

"मावशी, माती शनिवारी. आत्याला कळायला हवं."

आत्या म्हणजे सेइनीआजी, ‘अमानाकीची मोठी बहीण, ‘उइहा बेटावर राहते. ती आल्याशिवाय मातीला अर्थ नाही. भावाच्या उशाशी बसण्याचा मान तिचा. कुठली चटई त्याच्याबरोबर जायची, कुठलं झाडाच्या सालीचं कापड वर पांघरायचं, हे ती बोट दाखवून सांगणार, आणि ती सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ‘उइहाला फोन एकच, पाद्रीबुवांच्या घरी, आणि पाद्रीबुवा कुटुंबासकट वावाउला परिषदेत. म्हणून लावीनिया माझ्याकडे आली. आली नसती तरी मी केलंच असतं. सेइनीआजी रोज सहाला ऐकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या सकाळी तिथून बोट आहे. आज ऐकलं की उद्या निघेल.

मी निवेदन स्वतः लिहिलं. मोठ्या घरच्या माणसासाठी वापरायचे शब्द वापरले. तो सुतार होता, पण मला तसंच वाटलं. तीनदा भरलं, कारण दोनदा माझा आवाज कापला. फाईलला त्याचं पूर्ण नाव दिलं, सगळ्या खुणांसकट. बाकीचे लोक आळशीपणाने खुणा गाळतात. मी जन्मात गाळलेली नाही.

मग तालमीला गेले.

१७ जुलै, शनिवार



सेइनीआजी आली नाही.

सकाळपासून सगळे थांबले होते. ‘अमानाकीच्या उशाची जागा रिकामी. कुणी तिथे बसेना, बसायची कुणाची ताकद. चटयांची चळत भिंतीशी तशीच, बायका त्यांच्याकडे बघतायत आणि एकमेकींकडे बघतायत. बोट आली, ‘उइहाची पाच-सहा माणसं उतरली, ती बाजाराला आलेली. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. एक म्हणाला, "‘अमानाकी गेला? कधी? आम्ही रेडिओ ऐकला की."

शेवटी आमच्या गावचे पाद्री म्हणाले, ऊन चढतंय. लावीनियाच्या भावाने डोळे मिटून एक चटई ओढली. वरची होती तीच. त्यातच गुंडाळलं.

परतताना लावीनियाने मला वाटेत गाठलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, तुम्हाला आमचं नाव घ्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. मी पोहत गेले असते."

"मी भरलंय, पोरी. माझ्या तोंडाने भरलंय."

"मग कुणीच कसं ऐकलं नाही?"

ती पुढे निघून गेली. 

१९ जुलै, सोमवार

काल रविवार, आमच्याकडे त्या दिवशी कामाला बंदी. देवळात माझ्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. पुढच्या बाकावरच्या दोघी कुजबुजत होत्या, लूसेआनेचं, म्हणजे माझं, डोकं म्हातारपणाने गेलं. दुसरी म्हणाली, डोकं नाही गं, आकस. तिला सुतारासाठी तोंड विटाळायचं नसेल. प्रार्थनेच्या वेळी मी काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

आज उघडायच्या आत सेमिसीच्या खोलीत गेले.

"मशीन बघा," तो म्हणाला. "सगळं हिरवं आहे. कुठे तक्रार नाही."

"मशीनची तक्रार नाही. लावीनियाची आहे."

"बाई, राग मानू नका. भरायचं राहिलं असेल. माणूस आहे, होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला दंडाला धरून माझ्या खोलीत आणलं आणि फाईल वाजवून दाखवली. पूर्ण ऐकवली, तो मध्ये उठायला लागला तर खांदा दाबून बसवला. ऐकून त्याचा चेहरा जरा उतरला. पण लगेच म्हणाला, "मग मोआलाने काहीतरी करून ठेवलंय."

हे मात्र मला पटलं. मोआलाच्या बापाच्या डुकराने ‘अमानाकीचा कोनफळांचा मळा उकरला होता. ‘अमानाकीने डुकराचं काय केलं ते सगळ्या गावाने त्या रविवारी खाल्लं. तेव्हापासून दोन घरं बोलत नाहीत. आता मोआला दिसतो गरीब गाईसारखा, पण अशीच माणसं आतल्या गाठीची असतात.

धक्क्यावर मासळी घ्यायला गेले तेव्हा हे मी बोलून दाखवलं. विहिरीवरही बोलले. लपवायचं काय त्यात.

२० जुलै, मंगळवार

आज तालीम बुडवली आणि केंद्राच्या पायरीवर रेडिओ मांडीवर घेऊन बसले. पाच निवेदनं भरून ठेवली होती. लातू, पेनी, सोसेफो, ‘एनेआसी आणि ‘अलिसी.

सहा वाजले. साबणाची जाहिरात. लातू वाजला. पेनी वाजली. सोसेफो वाजला. मग साबण. मग हवामान.

दोन माणसं गायब, आणि मधे साधी खाकरसुद्धा नाही. आमच्या देशात मेलेल्या माणसाला जागा नाही आणि साबणाला दोनदा आहे.

मी उठून सरळ स्टुडिओत शिरले. हवामान वाचणारी मुलगी घाबरून खुर्चीवरून उठली. तिच्या माईकवर मी ‘एनेआसी आणि ‘अलिसी दोघांची निवेदनं तोंडपाठ म्हटली. सेमिसी काचेपलीकडून हातवारे करत होता. करू दे.

‘एनेआसी हा ‘अमानाकीच्या बायकोच्या गावचा. म्हणजे झालंच, डुकराचं प्रकरण तिथवर पोचलं. ‘अलिसीचा डुकराशी संबंध मला अजून सापडलेला नाही, पण असणार. विचारून घेईन.

आता रोज सहाला मी तिथे उभी राहणार आहे, सेमिसीला आवडो न आवडो.

२२ जुलै, गुरुवार

वावाउची बोट आली. मी धक्क्यावर होते. मोआला उतरला, हातात केळीचा घड आणि ध्वनिक्षेपकाची पेटी, आणि सगळ्यांसमोर मी त्याला धरलं.

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर काढतोस?"

"काय झालं, ताई?"

"डुक्कर तुझ्या बापाचं होतं. मळा त्याचा होता. चूक डुकराची होती. त्याची बहीण काय तुझं खाऊन गेली?"

लोक जमले. मोआलाने घड खाली ठेवला. त्याला खरंच काही कळत नव्हतं, किंवा तो फार चांगलं सोंग करत होता. कुणीतरी त्याला सगळं सांगितलं. तसा तो एकदम म्हणाला, "वीज गेली होती का?"

"विजेचं काय मधेच?"

"ताई, गेली होती का?"

बारा तारखेला गेली होती, मी म्हटलं. त्याने पेटी तिथेच टाकली आणि केंद्राकडे पळत सुटला. मीही मागे, कमरेची चटई सावरत. मोठ्या मशीनसमोर बसून त्याने माझा कप्पा उघडला. पडद्यावर माझी माणसं होती. लातू धड, पेनी धड, सोसेफो धड. बाकीच्यांच्या नावांत प्रश्नचिन्हं घुसलेली. ‘अमानाकीच्या नावाच्या तोंडालाच प्रश्नचिन्ह. मोआलाने त्यावर बोट ठेवून उघडायला सांगितलं. मशीन म्हणालं, अशी फाईल नाही.

"अरे, समोर दिसतेय," मी म्हटलं.

"दिसतेय, पण प्रश्नचिन्हाने. याला आपलं चिन्ह वाचता येत नाही म्हणून याने त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. आता हे त्या प्रश्नचिन्हाच्या नावाने तुमच्या मशीनला हाक मारतं. तुमचं मशीन म्हणतं, असं कुणी इथे राहत नाही. मग हे पुढच्याला हाक मारतं. नाव चुकलं असेल हे याच्या डोक्यात येतच नाही."

"मग आधी कसं चालत होतं?"

"मी जोडताना एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या लिपीत वाचायचं ते, सांगितलं होतं. हाताने. वीज गेली, मशीन परत उठलं आणि त्याने आपल्या सवयीने जोडलं. मशीन उठताना जी फाईल वाचतं तिच्यात मी ती ओळ लिहायला हवी होती." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुम्हाला म्हटलं होतं मी, आल्यावर लिहितो म्हणून."

असं तो म्हणाला होता म्हणे. मला आठवत नाही.

मी विचारलं, मग सेमिसीचं ते हिरवं काय होतं. मोआलाने कुठलीशी नोंद उघडून दाखवली. रोज सहा वाजता, ओळीवर ओळ, सापडली नाही, सोडून दिली, सापडली नाही, सोडून दिली. हिरवा दिवा म्हणजे मशीन चालू आहे, एवढंच. ते चालू होतं यात शंका नाही.

त्याने ती ओळ माझ्यासमोर लिहिली. मग मशीन मुद्दाम बंद करून पुन्हा उठवलं, आणि नावं नीट आली. सगळं मिळून पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ गेला.

धक्क्यावरच्या बोलण्याबद्दल मी त्याला काही म्हणाले नाही. चूक त्याचीच होती, फक्त डुकरामुळे नव्हती. केळ्यांचा घड मात्र मी परत जाऊन त्याच्या घरी पोचवला, उन्हात खराब झाला असता.

२३ जुलै, शुक्रवार

सेमिसीने दारावर सूचना लावली. यापुढे फाईलींच्या नावांत उलटे स्वल्पविराम आणि रेघा वापरू नयेत.

"अरे, मोआलाने दुरुस्त केलंय."

"पुन्हा बिघडलं तर? बाई, फाईलचं नाव कोण बघतंय? बोलताना तुम्ही नीट बोला ना. खुणा नसल्या की मशीनला त्रास नाही."

"मशीनला त्रास नाही. आणि मी कुणासाठी काम करते?"

"तुम्ही उगाच मोठं करताय."

"बरोबर. मी माणसांची नावं तोडायची, कारण तुझं मशीन फक्त परक्यांची अक्षरं शिकून आलंय. ते मशीन आपल्याकडे नोकरीला आलंय, सेमिसी. आपण त्याच्याकडे नाही."

तो म्हणाला, विषय संपला. मी सूचना काढून घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. हिंमत असेल तर घे म्हटलं. त्याने घेतली नाही.

२७ जुलै, मंगळवार

सेइनीआजी आली.

लावीनियाने बोटीवरच्या माणसाकडून निरोप धाडला होता, त्यावर ती निघाली. मला वाटलं होतं धक्क्यावरून सरळ कबरीकडे जाईल. पण ती आधी केंद्रावर आली. हातात काठी, कमरेला इतकी मोठी चटई की चालताना पाय दिसत नव्हते. मागे लावीनिया. सेमिसी उठून उभा राहिला. मोआला मशीनमागे सरकला. शिवीगाळ ऐकायची माझी तयारी होती, मी हात पुढे बांधून उभी राहिले.

"तू लूसेआने," ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटायचं तू जाड असशील."

कुणी हसलं नाही.

"मी रोज तुझं ऐकते, पोरी. लातू गेला, पेनी गेली, कोण कोण गेलं. तू संपवलंस की मी म्हणते, चला, आज ‘अमानाकीचं नाव नाही. आजही तो आहे. मग मी जेवते. माझं हेच चाललंय, कितीतरी वर्षं." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्या बुधवारीही ऐकलं. गुरुवारीही. शुक्रवारीही. शनिवारी नातीने नाच बसवला होता, तो बघायला गेले. इतकी हसले की बाजूच्या बाईने पाठीवर थोपटलं. तुम्ही त्याला मातीत ठेवत होता आणि मी हसत होते. तू नाव घेतलं नव्हतंस ना."

सेमिसी पुढे झाला. "आजी, त्याचं असं झालं, मशीनमध्ये नावांची अक्षरं..."

"तुला मी विचारलं का?"

तो मागे झाला.

मला बोलायचं होतं. मी भरलं होतं, तीनदा भरलं होतं, माझी चूक नाही, हे सगळं. मी एवढंच म्हणाले, "मी घेतलं होतं, आजी. ते पोचलं नाही."

"आहे अजून?"

"आहे."

"मग लाव. मला त्या दिवशी जे ऐकायचं होतं ते ऐकायचंय."

मी माझ्या खोलीकडे वळले. ती म्हणाली, इथे नाही. रेडिओवर. सगळ्यांना ऐकू दे.

सेमिसीचा जीव खालीवर झाला. "आजी, तसं नाही करता येत. त्यात माती शनिवारी म्हटलंय. शनिवार उलटून गेला. लोक निघतील, बोटी धरतील, गोंधळ होईल."

"माझा झालाच की गोंधळ."

"पण नियम..."

लावीनिया पहिल्यांदाच बोलली. "आत्याने मागितलंय." एवढंच. आणि खरं म्हणजे त्यापुढे बोलायला जागा नव्हती. भावाच्या घरात मोठ्या बहिणीने मागितलेलं नाही म्हणायचं नसतं, आणि भावाचं नाव जिथे अडकलं होतं ते केंद्र आज तिच्यासाठी भावाचंच घर होतं. ब्रिस्बेनला राहून आलेल्या माणसालाही एवढं कळतं. सेमिसी बाजूला झाला.

सहा वाजता मी स्टुडिओत माईकपुढे बसले. सेइनीआजीला माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी सांगितलं, आता जे ऐकाल ते चौदा तारखेला ऐकवायचं होतं. ज्याच्याबद्दल आहे त्याला माती मिळालेली आहे. कुणी निघू नका, फक्त ऐका. मग मी काचेकडे बघितलं. मोआलाने मशीनला ‘अमानाकीचं नाव दिलं, पूर्ण नाव, आणि मशीनने ते उघडलं.

माझा आवाज सुरू झाला. सेइनीआजी मान खाली घालून ऐकत होती, रेडिओ घरी ऐकत असेल तशी, हात मांडीवर. गाव आलं, बापाचं नाव आलं, मुलांची नावं आली. माती शनिवारी, असं आलं. आणि शेवटी मी त्या दिवशी म्हटलं होतं ते आलं. सेइनी, ‘उइहाच्या सेइनी, तुझा भाऊ तुझी वाट बघतोय. तू आल्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही.

आजीने मान वर केली.

"आले रे," ती म्हणाली. आणि मग तिने सूर लावला, आमच्या बायका मेलेल्याच्या उशाशी बसून लावतात तो. आधी हलका, मग असा मोठा की काच थरथरली.

माईक चालू होता. सेमिसी काचेपलीकडून मला खूण करत होता, बंद करा, बंद करा. मी केला नाही.